आरसे तेवढे ठेव

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा बसच्या बंपरवर एक पाय देऊन उभी होती आणि बाहेरचा आरसा पुसत होती. सकाळचे सव्वासात वाजले होते. रांगेत आम्ही चौदा-पंधरा जण, प्रत्येकाला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं, आणि ही ड्रायव्हरबाई आरशाच्या कोपऱ्यात फडक्याचं टोक घालून काहीतरी कोरून काढत होती. शेवटी माझ्या मागून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तोंड बघून झालं असेल तर निघू या का?"

तिने मान वळवली नाही. "माझं नाही, तुमचं बघतेय," ती म्हणाली. "शर्टाचं तिसरं बटण राहिलंय."

गृहस्थांनी बटण लावलं. बस वेळेवर सुटली.

त्या दिवसापासून रांगेत तिला आरसेवाली हे नाव पडलं. मी त्या बसमार्गाच्या शेवटच्या थांब्याजवळच्या शाळेत गणित शिकवत होते. पुढची एकवीस वर्षं मी तिच्याच बसने गेले. मुलांच्या वह्या मी बसमध्ये तपासत असे. दुसरा कुणी ड्रायव्हर असला की माझ्या बरोबरच्या खुणांना लांबलचक शेपट्या फुटत, आणि मुलं वर्गात विचारत, "बाई, हे बरोबर आहे की काट मारलीय?" तिच्या बसमध्ये खूण जिथे संपवायची तिथेच संपे. ती हळू चालवायची असं मुळीच नाही. वळणाच्या आधी वेग कमी व्हायचा, वळणात नाही, एवढंच. मला हे कळायला तीन-चार वर्षं लागली. कळल्यावर मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "वेगाने कुणाला गाडी लागत नाही हो बाई. धक्क्याने लागते."

मी निवृत्त झाले आणि आमची रोजची भेट थांबली. त्यानंतर चार वर्षांनी माझी छत्री बसमध्ये राहिली, म्हणून मी डेपोत गेले. हरवलेल्या वस्तूंची खिडकी शेवटच्या खोलीला होती. खिडकीमागे ती बसली होती. शेजारी काठी टेकवलेली. मागच्या फळ्यांवर छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे बूट, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.

बस धुण्याच्या उतारावर आरसा पुसताना पाय घसरून तिचा उजवा घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण पावलात जोर आला नाही. मोठ्या गाडीचा ब्रेक दाबायला जो जोर लागतो तो आता येणार नाही असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. निवृत्तीला सहा वर्षं होती. डेपोने तिला खिडकी दिली.

"बसायचं काम आहे, पगार तोच आहे, सगळे म्हणतात नशीब काढलंस," तिने मला सांगितलं. बोलता बोलता तिने माझी छत्री उघडली, झटकली, तिच्या काड्या तपासल्या आणि पुन्हा नीट गुंडाळली. मग ती म्हणाली, "पण बाई, दिवसभर गाड्या बाहेर जाताना ऐकू येतात. कोण क्लच जाळतोय तेसुद्धा कळतं. आणि मी इथे बुटांचे जोड लावतेय."

त्याच खोलीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. ते शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवायचं यंत्र, असं तिने सांगितलं. म्हणजे एक कॉम्प्युटर, तीन पडदे, बसचं खरं स्टिअरिंग, खऱ्यापेक्षा हलकी पॅडल आणि ड्रायव्हरची खरी सीट. आत चालतो तो बस चालवण्याचा गेमच, मुलं घरी खेळतात तसाच, फक्त रस्ते आपल्या मार्गांसारखे करून घेतलेले. मोठ्या हौसेने आणलं होतं. पहिल्या तुकडीतले नऊ जण त्यावर बसले, त्यातल्या सात जणांना भोवळ आली आणि दोघांनी तिथेच ओकारी केली. तेव्हापासून ताडपत्री. शिकवणारे मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांची जागाही रिकामीच होती, कारण यंत्रच बंद तर शिकवणार कशावर.

ती जागा तिला हवी होती. मॅनेजरसाहेबांना तिने तसं विचारलंही होतं. साहेब वाईट नव्हते, पण कागदाचे होते. त्यांनी सांगितलं, महिनाअखेरीस भंगाराची यादी जाणार, यंत्र त्या यादीत आहे. तोपर्यंत ते चाललं आणि कुणालाही गाडी न लागता पूर्ण मार्ग पार पडला, तर जागा तुमची. नाही चाललं तर यंत्रही नाही, जागाही नाही, खिडकी आहेच. महिनाअखेर सोळा दिवसांवर होती.

मी छत्री घेऊन घरी जायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, माझा काही उपयोग होईल का. ती म्हणाली, "प्रवासी पाहिजे."

तिचा धाकटा भाऊ गेम खेळणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. एका जिन्याखाली त्याचं दुकान. चाळिशी पार केलेला, दाढी पांढरी होऊ लागलेला माणूस, पण आई लवकर गेल्यावर बहिणीने वाढवलेला, त्यामुळे तिच्यासमोर आला की हात मागे बांधून उभा राहायचा. ती त्याला धाकट्या म्हणायची. दुपारी खिडकी दोन तास बंद असे, तेवढ्यात काम करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी त्याने यंत्र सुरू केलं, दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्र काढणारा भाग, फारच साधा आहे. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातलं सगळ्यात मोठं कार्ड आणलं. पाट्याएवढं होतं, वर तीन पंखे. तेवढ्या कौतुकाने मी कुणाला बाळसुद्धा उचलताना पाहिलं नाही.

कॉम्प्युटर एका लाकडी कपाटात बंद होता. आमच्या गावच्या डेपोत सहीचं पेनसुद्धा साखळीने बांधलेलं असतं, तिथे कॉम्प्युटर उघड्यावर कोण ठेवणार. डेपोच्या सुताराने जाड फळ्यांचं कपाट केलं होतं, त्याला कुलूप, आणि चालू करायचं बटण दाबायला बोटभर भोक. किल्ली साहेबांकडे. वहीत सही करून किल्ली आणायची, काम झालं की कुलूप लावून लगेच परत द्यायची. धाकट्याने कार्ड बसवलं, कुलूप लावलं, किल्ली पोचवली, आणि मग सेटिंगची यादी उघडून जे जे वर नेता येईल ते ते सगळं वर नेलं. अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. त्या पायरीला अल्ट्रा म्हणतात.

"ताई, आता बघ," तो म्हणाला.

आम्ही बघितलं. ओला रस्ता, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं, झाडाच्या पानापानाची सावली, ढगांच्या कडेला ऊन. थांब्यावर उभ्या माणसांच्या अंगावरचे कपडे वाऱ्याने हलत होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसत होता. सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा तो आकडा, असं त्याने मला समजावलं. जितका मोठा तितकं दृश्य सलग. तो सत्तर दाखवत होता आणि धाकटा त्याच्याकडे मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघावं तसा बघत होता.

ती म्हणाली, "छान आहे रे. पण मला एवढं छान कधी दिसलं नाही. मी रस्ता बघत होते."

तिने गाडी काढली. चौथ्या मिनिटाला थांबवली आणि डोळे मिटून कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. चौतीस वर्षं गाडी चालवलेली बाई खुर्चीत बसून घामाघूम झाली होती. मागच्या स्टुलावर बसलेल्या मलाही मळमळत होतं, पण तिला बघून मी ते सांगितलं नाही.

धाकटा घाबरला. आकडा आणखी वाढवतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी खरोखर नव्वद केला. गाडी चालू झाली, आणि तिने जागेवरच हात खाली घेतले.

"आरसे कुठे गेले?"

बसला सहा आरसे असतात. पडद्यावर त्या जागी करड्या पाट्या दिसत होत्या. धाकट्याने सांगितलं की आरसे फार जड पडतात. कॉम्प्युटरला समोरचा रस्ता एकदा काढावा लागतो, आणि एकेका आरशासाठी मागचा रस्ता पुन्हा वेगळा. त्याची गिऱ्हाइकं सगळ्यात आधी आरसेच बंद करतात.

"या गेममध्ये मागे कोण बघतं, ताई?"

"मी," ती म्हणाली.

त्यानंतर ती जे म्हणाली ते मला शब्दशः आठवतं, कारण मी ते त्याच वेळी वहीत लिहून घेतलं. ती म्हणाली, "झाडं काढ, ढग काढ, त्या माणसांचे कपडे हलतात ते बंद कर. आरसे तेवढे ठेव. आरशाशिवाय मी डेपोतून गाडी हलवलेली नाही, आणि या पोरांना मी तसं शिकवणार नाही."

धाकट्याने यादी पुन्हा उघडली, आणि या वेळी ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. एकेक शब्दावर बोट ठेवून ती एकच प्रश्न विचारायची: ड्रायव्हरला याचं काय काम? गवत? काही नाही. तळाला ने. पाण्यातली प्रतिबिंबं? काही नाही. सावल्या? थोड्या राहू देत, खड्डा सावलीने कळतो. वेगात गेल्यावर कडेची दृश्यं पुसट करणारी एक सोय होती. धाकट्याला ती फार आवडायची, त्यामुळे वेगाचा भास होतो म्हणे. "वेगाचा भास नको, वेगाचा काटा आहे," असं म्हणून तिने ती बंद करायला लावली. लांबचं दिसण्याची सोय मात्र वरच ठेवली, कारण सिग्नल लांबूनच दिसला पाहिजे. आणि सहाच्या सहा आरसे सगळ्यात वरच्या पायरीवर. धाकटा म्हणाला, असं सेटिंग जगात कुणी केलं नसेल. ती म्हणाली, "जगात कुणी बस चालवली नसेल."

आता पडद्यावरचं गाव खडूने काढल्यासारखं दिसत होतं. बोडके रस्ते, सपाट आकाश. पण गाडी चालू झाली आणि पहिल्यांदाच मला मळमळलं नाही. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा. धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आणि बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "लागतेय."

आकडा तर ऐंशीच्या आसपास होता. धाकट्याला काही केल्या समजेना. सरासरी उत्तम होती, आणि त्याच्या धंद्यात सगळे सरासरी विचारतात. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी बत्तीस वर्षं सरासरी शिकवली होती. एका मुलाला शंभर आणि एकाला शून्य मिळाले तरी वर्गाची सरासरी पन्नास येते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायची. मी म्हणाले, सरासरी ठेव बाजूला, शून्यं किती ते मोजू या.

दुसऱ्या दिवशी वहीत मी चाळीस चौकोन आखले, एका मिनिटाला एक. मार्ग चाळीस मिनिटांचा होता. ती चालवत होती, मी मागे बसून दृश्य जिथे किंचित अडखळेल तिथे टिंब देत होते. पहिल्या दहा चौकोनांत मिळून दोन टिंबं. अकराव्यात चार. बाराव्यात नऊ. पुढे मी मोजणं सोडलं, कारण तिने गाडी थांबवली होती.

तिने वही हातात घेतली आणि टिंबांवरून बोट फिरवलं. मग काठी टेकत उठली, कपाटाजवळ गेली आणि दारावर तळहात ठेवला.

"धाकट्या, इकडे ये. हात लाव."

त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"रेडिएटरवर गोणपाट बांधून घाट चढवतोयस तू," ती म्हणाली. "दहा मिनिटं चढते बिचारी. मग तापते आणि दम खाते."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या दुकानात कॉम्प्युटर नेहमी टेबलावर उघडे असत. तिथे हे कार्ड तासन्‌तास सुरळीत चाललं होतं. इथे प्रत्येक वेळी काम झालं की नियमाप्रमाणे कुलूप लावून किल्ली परत गेली होती, त्यामुळे दार उघडं असताना यंत्र कधी चाललंच नव्हतं. जुन्या मास्तरांच्या वेळीही नाही. आत हवा जायला वाट एकच, ते बोटभर भोक. तापलं की कॉम्प्युटर स्वतःला जपायला वेग कमी करतो, थोडा थंड झाला की वाढवतो, पुन्हा तापतो. आणि धाकट्याचं पाट्याएवढं कार्ड त्या बंद कपाटात शेगडीसारखं गरम वारं सोडत बसलं होतं. मोठं कार्ड आणून त्याने काम आणखी बिघडवलं होतं.

"सॉरी ताई," तो म्हणाला.

"सॉरी नंतर म्हण. आधी ते पाट्याएवढं काढ, जुनं घाल. आपल्याला आता गवत कुठे काढायचंय?"

कपाट उघडं ठेवायची परवानगी मागितली असती तर अर्ज झाला असता, अर्जावर शेरा आला असता आणि महिना संपला असता. म्हणून तिने कुलपाला हात लावला नाही. दार बंद, कुलूप जागेवर. फक्त मागची फळी धाकट्याने स्क्रू काढून उतरवली, आणि भंगारात पडलेल्या एका बसच्या इंजिनावरची जाळी कापून तिथे बसवली. नियम जसाच्या तसा राहिला आणि हवा खेळू लागली. शेवटी तिने आणखी एक गोष्ट मागितली. आकडा एकदा नव्वद, एकदा पन्नास असा नको. "साठ दे," ती म्हणाली. "पण साठ म्हणजे साठ. चढावर साठ, गर्दीत साठ." पडदेही सेकंदाला साठ चित्रांचेच होते, त्यामुळे धाकट्याने आनंदाने साठावर गाठ मारली.

त्या दुपारी तिने पूर्ण मार्ग चालवला. माझ्या चाळीस चौकोनांत एकूण तीन टिंबं होती. त्यातलं एक मला शिंक आली त्याचं होतं.

तपासणीच्या दिवशी साहेब चार शिकाऊंना घेऊन आले. इथे साहेबांबद्दल एक सांगायला हवं. ते डेपोचे मॅनेजर होते आणि त्यांना बस लागायची. दहा मिनिटांच्या वर बसमध्ये बसले की संपलं. म्हणून ते रोज सायकलने येत. साऱ्या डेपोला हे ठाऊक होतं आणि साऱ्या डेपोने ते त्यांच्यापासून लपवलं होतं.

साहेबांनी शिकाऊंपैकी एकाला सीटवर बसायला खूण केली. ती काठीवर भार देऊन सरळ उभी राहिली.

"साहेब, ही पोरं माझ्याकडून शिकायची आहेत. बरं वाटलं नाही तरी बरं वाटलं म्हणतील. तुम्ही बसा. तुमचं खोटं निघणार नाही."

शिकाऊ जमिनीकडे बघत होते. साहेबांनी कोट काढला, खिशातून घडी केलेली प्लास्टिकची पिशवी काढून मांडीवर ठेवली आणि सीटवर बसले. त्यांनी जन्मात बस चालवली नव्हती.

ती त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. सुरुवात करण्याआधी तिने त्यांच्या हातात फडकं दिलं आणि पडदे पुसायला लावले, आरशांच्या जागा आधी. मग सांगू लागली. आवाज अजिबात चढवला नाही. डावा आरसा. आता उजवा. आता सोडा, हळू. वळणाच्या आधी, साहेब, वळणात नाही. पहिल्या थांब्यावर साहेबांनी फुटपाथला चाक घासलं आणि कान लाल झाले. तिसऱ्या थांब्यापासून खांदे खाली आले. दहावं मिनिट आलं तसे चारही शिकाऊ घड्याळाकडे बघू लागले. अकरावं गेलं. बारावं गेलं. धाकटा कपाटाला पाठ लावून उभा होता, दार गार आहे ना ते बघत. मी टिंब देण्यासाठी पेन टेकवून बसले होते आणि ते नुसतंच टेकलेलं राहिलं. साहेबांना कधी विसर पडला कुणास ठाऊक, पण विसाव्या मिनिटानंतर मांडीवरची पिशवी खाली पडली होती आणि साहेब स्वतःच पुटपुटत होते, डावा आरसा, उजवा आरसा.

शेवटी गाडी मागे घेऊन फलाटात लावायची होती. ती म्हणाली, "आता मी गप्प बसणार. तुम्ही आणि आरसे." साहेबांनी तीन वेळा पुढे-मागे केली, आणि चौथ्या वेळी बस दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मध्ये उभी केली. बेचाळीस मिनिटं झाली होती. शिकाऊंनी टाळ्या वाजवल्या, आणि साहेबांनी त्यांना रागावायचं सोडून सीटवरून वळून सगळ्यांकडे बघितलं. मुलाला पहिल्यांदा सायकल आली की तो असाच वळून बघतो.

तिने वाकून खालची पिशवी उचलली. घडी मोडलेलीसुद्धा नव्हती.

"ही हरवलेल्या वस्तूंत जमा करू का, साहेब?"

साहेब मोठ्याने हसले. तसे हसताना त्यांना डेपोत कुणी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "करा. आणि खिडकीला दुसरं माणूस बघतो मी. तुम्हाला आता वेळ नसणार."

बाहेर आल्यावर धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिने काठीच्या मुठीने त्याच्या पाठीत हळूच टोचलं. "तुझं ते अल्ट्रा," ती म्हणाली, "घरी लाव एकदा. रविवारी निवांत बघू. गाडी तू चालव, मी खिडकीत बसते."

त्याला सहा वर्षं झाली. ती जूनमध्ये निवृत्त व्हायची होती, डेपोने तिला आणखी दोन वर्षं ठेवून घेतली आहे. रोज सकाळी आठ ते एक ती शिकवते, आणि आजपर्यंत तिच्या हाताखालून एकशे बारा ड्रायव्हर रस्त्यावर गेले आहेत.